विकावयाच्या घराची सजावट

घर विकावयाचे ठरले म्हणजे ते आहे तसे दाखवावे की सजवून दाखवावे, हा प्रश्न वरवर पाहता धर्मविचाराचा वाटत नाही. तो रंगाऱ्याचा, सुताराचा, फार तर एजंटाचा प्रश्न आहे, त्यात धर्माधर्माची चर्चा कशास हवी, असे कोणीही म्हणेल. परंतु आपल्या डोकमर्डीत व एकंदर सिल्वासा परिसरात घरांची जी खरेदी-विक्री चालू आहे ती पाहता हा प्रश्न आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. मुहूर्त विचारावयास किंवा वास्तुशांतीच्या साहित्याची यादी लिहून घ्यावयास जी मंडळी आमच्या घरी येतात, त्यांच्या बोलण्यात तो वारंवार निघतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वी या मुलखात घर हे बांधावयाचे आणि राहावयाचे असे, विकावयाचे क्वचित. वारली कुटुंबाचे घर म्हणजे लाकडी खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणामातीचे लिंपण. लग्नकार्य निघाले की सुवासिनी त्याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढीत. ती सजावट देवीला बोलावण्यासाठी होती. पाहणाऱ्याने घराची किंमत वाढवून सांगावी, असा तिचा हेतू कोणाच्या स्वप्नातही नसेल. १९५४ साली येथील पोर्तुगीज अंमल संपला, १९६१ साली हा प्रदेश भारतीय संघराज्यात सामील झाला, आणि पुढे कारखाने आले. कारखान्यांबरोबर खानदेशातून, कोकणातून, गुजरातेतून, उत्तरेकडून माणसे आली. त्यांनी कर्जे काढून सदनिका घेतल्या, संसार मांडले. आता त्यांतील कोणी निवृत्त होऊन गावी परत जात आहेत, कोणाची मुले पुण्यास किंवा सुरतेस स्थायिक झाली आहेत. घर विकणे ही आता घरोघरची गोष्ट झाली आहे. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी जगभर नेलेली वारली चित्रकला आज बिल्डरच्या नमुना सदनिकेतील भिंतीवर छापील स्वरूपात दिसते. तिच्याखाली कोच, आणि कोचासमोर काचेचे टेबल. लग्नाचा चौक विक्रीच्या कामी आला तो असा.

घर विक्रीसाठी सजवून देणे हा पाश्चात्त्य देशांत एक स्वतंत्र धंदाच झाला आहे. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी त्यास आरंभ केला, असे त्या धंद्यातील लोक मानतात. पद्धत अशी की, घरातील निम्मे सामान बाहेर काढावयाचे, भिंतींस फिकट रंग द्यावयाचा, सर्व दिवे लावावयाचे, पडदे सारावयाचे, फुले ठेवावयाची, आणि घरच्या माणसांची छायाचित्रे काढून टाकावयाची. पाहावयास येणाऱ्यास ते घर दुसऱ्याचे न वाटता आपलेच वाटले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. आपल्याकडे ही विद्या एजंट लोकांच्या तोंडून पोहोचली आहे आणि येताना तिने आपला वेषही बदलला आहे. येथील एजंट सांगतो, हार घातलेले फोटो काढून ठेवा. देवघरात मात्र दिवा लावून ठेवा आणि धूप जाळा. या सल्ल्याकडे आम्ही पुढे वळूच.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. सजावट करणे हेच पाप, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दिवाळीपूर्वी आपण घर झाडतो, जळमटे काढतो, रंगसफेदी करतो, दारात रांगोळी घालतो. पाहुणा यावयाचा असेल तर अंथरुणाच्या चादरी बदलतो. मुलीला पाहावयास मंडळी येणार म्हटल्यावर ती बरी साडी नेसते आणि मुलगाही इस्त्रीचा सदरा घालून येतो. यास कोणी फसवणूक म्हणत नाही. गिऱ्हाईक यावयाचे म्हणून घर स्वच्छ करणे, मोडकी कडी बसविणे, माळ्यावरची अडगळ काढणे, यांत त्या गिऱ्हाईकाविषयी एक आदरच आहे. घाणेरडे घर दाखवून "आम्ही काही लपवीत नाही" असे म्हणणाऱ्याचा प्रामाणिकपणा हा पुष्कळदा आळसच असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मग अडचण कोठे येते? ती दोन ठिकाणी येते. एक नव्या घराच्या विक्रीत, दुसरी जुन्या घराच्या विक्रीत. पहिलीविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांस ठाऊक आहे. नमुना सदनिकेत पलंग नेहमीच्या लांबीपेक्षा आखूड बनवून घेतलेला असतो, म्हणजे खोली मोठी दिसते. आतल्या खोल्यांस दरवाजेच नसतात, कारण दरवाजा उघडावयास जागा लागते आणि ती नजरेस येते. विटांच्या भिंतीऐवजी एखाद्या ठिकाणी काच किंवा पातळ फळी असते. एका भिंतीस आरसा लावला की खोली दुप्पट भासते. मयसभेत दुर्योधनास स्फटिकाच्या भूमीवर पाण्याचा भास झाला व पाण्यावर भूमीचा. तेथे निदान त्यास कोणी बुकिंगची रक्कम मागितली नव्हती. अशा प्रकारांविषयी आपली जुनी शास्त्रे मुळीच मवाळ नाहीत. निर्दोष वस्तू दाखवून प्रत्यक्षात सदोष वस्तू हवाली करणाऱ्याने गिऱ्हाइकास दुप्पट मोल द्यावे आणि तेवढाच दंडही भरावा, असे नारदस्मृतीत सांगितले आहे. आजच्या कायद्यानेही तीच वाट धरली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे लोक ज्यास रेरा म्हणतात त्याच्या, १२ व्या कलमात जाहिरातीबरोबरच नमुना सदनिकेचाही उल्लेख आहे. तिच्या भरवशावर पैसे भरणाऱ्याचे खोट्या माहितीमुळे नुकसान झाले तर बिल्डरने ते भरून द्यावयाचे आहे. महाराष्ट्राचे रेरा प्राधिकरण दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव यांचेही काम पाहते, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ खरेदीदारांस माहीत नसते. म्हणून ती येथे मुद्दाम लिहिली.

बिल्डरास चार शब्द सुनावणे सोपे आहे. खरी कसोटी दुसऱ्या ठिकाणी लागते, जेथे विकणारा आपल्यासारखाच साधा गृहस्थ असतो.

एक उदाहरण घेऊ. नाव-गाव कोणाचेही नाही. परंतु असे उदाहरण आपल्या इमारतींतून शोधावयास दूर जावे लागणार नाही. एका गृहस्थाने वीस वर्षे कारखान्यात काम करून दोन खोल्यांची सदनिका घेतली. वरच्या मजल्यावरच्या मोरीचे पाणी झिरपून त्याच्या निजावयाच्या खोलीची एक भिंत दर पावसाळ्यात ओली होते, रंगाचे पोपडे निघतात, भिंतीला मीठ फुटते. दोन वेळा दुरुस्ती केली. ओल पुन्हा आली. आता पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी घर विकणे भाग आहे. फाल्गुन महिना आहे, भिंत कोरडी आहे. एजंट येतो, भिंतीवर हात फिरवितो आणि म्हणतो, पुट्टी भरा, एक हात रंग मारा आणि कपाट इकडे सरकवा. ओल सांगितलीत तर दोन लाख कमी येतील.

हे दोन लाख कोणाचे, हा या लेखातील खरा प्रश्न आहे. विकणाऱ्याची गरज खोटी नाही. त्याच्या घरात आजारपण आहे. पण घेणारा कोण आहे, तेही पाहू. तो बहुधा अशाच एखाद्या कारखान्यात नुकताच कायम झालेला तरुण असतो, आणि ते दोन लाख तो खिशातून देत नाही, बँकेकडून घेऊन देतो. वार्षिक ९ टक्के दराने २० वर्षांचे कर्ज धरले तर दोन लाखांचा हप्ता महिना सुमारे १,८०० रुपये पडतो, आणि वीस वर्षांत त्या दोन लाखांपायी त्याच्याकडून सुमारे ४ लाख ३२ हजार रुपये जातात. शिवाय भिंतीची दुरुस्ती करावयाची ती निराळीच. त्याच्या घरी लहान मूल असेल तर ते त्याच ओल्या भिंतीशी निजणार. म्हणजे एका घरातील संकट कमी झाले नाही. ते न सांगता दुसऱ्या घरात नेऊन ठेवले गेले. न सांगता, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. त्याच तरुणाला सर्व सांगून, "आमच्या घरी असे आजारपण आहे, किंमत कमी करू नका" अशी विनंती केली असती आणि त्याने ती मान्य केली असती, तर ते दान झाले असते. कपाटाआडून घेतलेल्या पैशास ते नाव देता येत नाही.

हा वाद आजचाही नाही आणि केवळ आपलाही नाही. रोमन ग्रंथकार सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलास उद्देशून कर्तव्याविषयी एक ग्रंथ लिहिला; त्याच्या तिसऱ्या भागात घरविक्रीचीच उदाहरणे आहेत. घर रोगट आहे, निजावयाच्या खोल्यांतून विषारी जीव निघतात, लाकूड कुजले आहे, आणि हे मालकाखेरीज कोणास ठाऊक नाही. तर त्याने ते सांगावे की नाही? डायोजिनीस आणि अँटिपॅटर या दोन तत्त्वज्ञांची मते त्याने समोरासमोर मांडली आहेत. डायोजिनीस म्हणतो की, मालकाने घर घ्या असे म्हटले, घ्यावयाची सक्ती केली नाही. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. दवंडी पिटून कोणी रोगट घर विकावयास काढतो काय? अँटिपॅटरचे म्हणणे असे की, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणे हा अथेन्समध्ये निंद्य अपराध मानीत. येथे तर विकणारा समोरच्यास चुकीच्या वाटेने जाऊ देत आहे आणि त्याच्याच पैशावर नफा घेत आहे. सिसेरो स्वतः अँटिपॅटरच्या बाजूचा आहे.

त्याच ग्रंथात एक गोष्ट आहे, ती तर आजच्या एजंटासच शोभावी. कॅनियस नावाचा एक रोमन गृहस्थ विश्रांतीसाठी सिराक्यूज शहरी गेला. मित्रमंडळींस बोलावता येईल अशी एखादी बाग विकत मिळाली तर बरे, असे तो जेथे तेथे बोलत असे. पिथियस नावाच्या तेथील सावकाराने हे ऐकले. माझी बाग विकावयाची नाही, पण आपण उद्या जेवावयास यावे, असे तो म्हणाला. आणि इकडे कोळ्यांना बोलावून त्याने सांगितले की, उद्या मासे माझ्या बागेसमोर धरा. दुसऱ्या दिवशी कॅनियस पाहतो तो बागेसमोर होड्यांची गर्दी, आणि जो तो मासे आणून पिथियसच्या पायाशी टाकीत आहे. हे काय, असे विचारता पिथियस म्हणाला, शहरातले सारे मासे येथेच मिळतात, या लोकांचे या जागेवाचून चालतच नाही. कॅनियस वेडा झाला. मागेल ती किंमत देऊन, सामानासकट त्याने बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांस घेऊन आला तो एकही होडी नाही. आज कोळ्यांची सुट्टी आहे काय, असे त्याने शेजाऱ्यास विचारले. शेजारी म्हणाला, सुट्टीचे मला ठाऊक नाही. येथे कोणी मासे धरीतच नाही, काल काय झाले याचेच मला नवल वाटत होते. सिसेरो सांगतो की, अशा कपटाविरुद्ध दाद मागण्याची तरतूद तोवर झालेली नव्हती, त्यामुळे कॅनियसच्या हाती संतापाखेरीज काही उरले नाही.

पिथियसने कॅनियसपुढे जी दोन वाक्ये खोटी उच्चारली ती वगळली तरी त्याचे कपट पुरे होते, याकडे आमचे विशेष लक्ष जाते. होड्या खऱ्या होत्या, मासे खरे होते. खोटा होता तो त्यांचा तेथे असण्याचा हेतू. आपल्याकडे "मी तोंडाने एक शब्द खोटा बोललो नाही" असे समाधान मानणारी सज्जन माणसे पुष्कळ आहेत. त्यांनी या होड्यांचा विचार करावा.

आपल्या देशातील कायदा येथे मोठी मनोरंजक जागा घेऊन उभा आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नुसते गप्प राहणे ही सामान्यतः फसवणूक ठरत नाही. पण एखादी गोष्ट जाणूनबुजून झाकणे ही फसवणूक ठरते. त्या कलमाखाली घोड्याचे उदाहरण दिले आहे: लिलावात खोडीचा घोडा विकताना मालक गप्प राहिला तर ती फसवणूक नव्हे, परंतु घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य होते. घरांच्या बाबतीत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा याहून कडक आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, तसा काही निराळा करार झाला नसेल तर, विकणाऱ्यास ठाऊक असलेला, घेणाऱ्यास ठाऊक नसलेला आणि साधारण काळजीने पाहूनही त्याच्या ध्यानात न येणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. फाल्गुनातील पुट्टी भरलेली भिंत ही अशीच गोष्ट नव्हे काय? घोडा विकताना जे केवळ मुलीच्या बाबतीत कर्तव्य, ते घर विकताना अनोळखी माणसाच्या बाबतीतही कर्तव्य ठरते. कायद्यानेच जणू प्रत्येक खरेदीदारास लेकीच्या जागी बसविले आहे.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप येतो तो असा: सगळेच सजवितात आणि सगळेच लपवितात. त्यामुळे गिऱ्हाईकही मनातल्या मनात सरसकट दोन लाख कमी करूनच बोलते. अशा बाजारात जो खरे सांगेल त्याचे दुहेरी नुकसान. लबाडांच्या हिशेबाने एकदा कमी, आणि स्वतःच्या सत्याच्या हिशेबाने पुन्हा कमी. हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो आणि त्याचे सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्यास धर्म शिकविणारा तुलाधार हा वाराणसीचा दुकानदार आहे. कपट न करता माल घ्यावा व विकावा आणि आपला तराजू सर्वांस सारखा धरावा, हीच त्याची साधना. जटांत पाखरांनी घरटी बांधेपर्यंत निश्चल उभ्या राहिलेल्या तपस्व्याने त्याच्याकडे शिकावयास जावे, यावरून बाजारात खरे राहणे त्या ग्रंथकारासही सोपे वाटत नव्हते, हे उघड आहे. खरे सांगितल्याने तोटा होत नाही, अशी खात्री आम्ही कोणास देणार नाही. तोटा होतो. फक्त तो तोटा न सोसावा म्हणून जे केले जाते त्यास निराळे नाव देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मग सजावट कोठवर योग्य आणि कोठून अयोग्य, हे ओळखावे कसे? आम्हांस यासाठी एक माप सुचते आणि ते आपल्या नित्याच्या पूजेतच आहे. कोणतेही कर्म आरंभण्यापूर्वी यजमान हातात पाणी घेऊन संकल्प करतो. आपले नाव, गोत्र, स्थळ, तिथी यांचा उच्चार करून, हे कर्म मी अमुक हेतूने करीत आहे, असे तो मोठ्याने म्हणतो. हेतू मनात ठेवण्याची मुभा तेथे नाही. घराच्या सजावटीस हेच लावून पाहावे. गिऱ्हाईक समोर उभे असता, "आपण येणार म्हणून आम्ही फुले ठेविली आहेत, पडदे धुतले आहेत, आतील अडगळ काढली आहे" असे म्हणता येते काय? खुशाल येते. म्हटल्याने फुलांची शोभा कमी होत नाही. "ओल दिसू नये म्हणून हे कपाट येथे ठेविले आहे" असे म्हणून पाहावे. म्हणताक्षणीच त्या कपाटाचे काम संपते. पिथियसला "आपणास भुरळ पडावी म्हणून या होड्या मी बोलाविल्या आहेत" असे म्हणता आले असते काय? बिल्डरास "हा पलंग मुद्दाम आखूड केला आहे" अशी पाटी लावता येईल काय? लावली तर आमची काहीच तक्रार नाही.

आता त्या देवघराच्या सल्ल्याकडे येतो. हा विषय आम्हांस जवळचा, म्हणून थोडा अवघडही आहे. पाहुणे येण्याच्या वेळी देवघरात दिवा लावला, उदबत्ती लावली, यात खोटे काय? दिवा तर रोजच लागतो. परंतु जेथे धूप देवासाठी नसून ओलीचा कुबट वास दबावा म्हणून जाळला जातो, तेथे तो वरच्या मापाने टिकत नाही. वासावर भर देण्याचे कारण एजंट चांगले जाणतात. डोळ्यांस जे फसवता येते ते नाक पटकन ओळखते. वारणावतात पुरोचनाने पांडवांसाठी बांधलेले घर सर्व प्रकारे सुशोभित होते, तरी तूप, चरबी व लाखेचा मिश्र वास येताच धर्मराजाने ते घर काय आहे हे ओळखले आणि भीमास सांगितले. पुरोचनाजवळ चांगला धूप नव्हता, एवढेच त्याचे चुकले, असे आजचा सल्लागार म्हणेल!

याच्या पुढची पायरी म्हणजे विकावयाच्या घरात सत्यनारायण करविणे. त्याचे दोन प्रकार आमच्या पाहण्यात येतात. ज्या वास्तूत इतकी वर्षे काढली तिचा निरोप घ्यावयाचा म्हणून पूजा करणारी कुटुंबे आहेत. तेथे वृद्ध स्त्रियांच्या डोळ्यांस पाणी येते आणि त्याविषयी बोलण्यासारखे काही नाही. परंतु गिऱ्हाईक यावयाच्या आदल्या दिवशी पूजा असावी, दाराला ताजे तोरण दिसावे, घर "मंगल" वाटावे, अशा हिशेबाने दिवस मागणारेही भेटतात. या बाबतीत आमच्या तीर्थरूपांचे मत असे आहे की, पूजा सांगणाऱ्याने यजमानाच्या मनाची झडती घेऊ नये. संकल्प त्याचा, फळही त्याचे. चाळीस वर्षे पौरोहित्य केलेल्या माणसाच्या मतास आम्ही मान देतो. तथापि आमच्या मनात एक शंका राहतेच. संकल्पाचे शब्द यजमान उच्चारतो हे खरे, पण ते त्याच्या तोंडी देतो तो पुरोहित. कुटुंबाच्या क्षेम-स्थैर्यासाठी असे शब्द आम्ही सांगावयाचे आणि घराचा भाव चढावा हा हेतू दोघांच्याही मनात असावयाचा, ही गोष्ट आम्हांस रुचत नाही. तीर्थरूपांशी आमचे यावर दोनतीनदा बोलणे झाले आहे. ते हसून म्हणतात, "भाव चढावा, हेही संकल्पात म्हणू द्या की, अर्थप्राप्ती हा काही निषिद्ध हेतू नव्हे." त्यांचे हे म्हणणे आमच्याच मापाने खोडता येत नाही, हे आम्हांस मान्य करावे लागते. यजमानाने तसे मोठ्याने म्हटले आणि पाहावयास येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कानीही ते घातले, तर आमचा आक्षेप उरत नाही.

हार घातलेले फोटो काढून ठेवण्याविषयी मात्र आम्हांस काही वावगे वाटत नाही. ते फोटो कुटुंबाचे आहेत, घराचे नव्हेत. ज्या घरात माणसे राहिली त्या घरात कधी ना कधी मृत्यू आलाच असणार. तो घराचा दोष नव्हे. कोणी विचारलेच तर खरे उत्तर द्यावे. वाडवडिलांच्या काळी एकाच माजघरात जन्म आणि मरण दोन्ही होत, आणि त्या वास्तू कोणी अमंगल मानल्या नाहीत.

घेणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिणे न्याय्य होईल. घर मनात भरलेले असताना तोंड वाकडे करणे, नसलेले दोष काढणे, "आम्हांस आणखी तीन घरे पाहावयाची आहेत" असे न पाहावयाच्या घरांविषयी सांगणे, हीही एक सजावटच आहे. नारदस्मृतीने विकणाऱ्यास दंड सांगितला, तसे घेणाऱ्यासही बजावले आहे की, वस्तूचे गुणदोष आधी स्वतः पारखावे. पारखून पसंत केलेली वस्तू मग परत करता येत नाही. म्हणून घर पाहावयास जाणाऱ्या आपल्या सभासदांस आमची विनंती आहे की, एकदा दिवसा आणि एकदा रात्री जावे, दिवे मालवून पाहावे, कपाटे सरकवून पाहावी, वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात मोरी कोठे आहे ते विचारावे, आणि साठेखतावर सही करण्यापूर्वी भिंतींच्या ओलीविषयी विकणाऱ्यास स्पष्ट शब्दांत प्रश्न करावा. प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे विकणाऱ्यास कठीण जाते. शक्य असेल तर घर आषाढ-श्रावणात पाहावे. दमणगंगेच्या काठचा आपला पावसाळा कोणत्याही रंगाऱ्यास भीक घालीत नाही.

आपल्याच वस्तीतील एका कुटुंबाने गेल्या वैशाखात घर विकावयास काढले. येणाऱ्या प्रत्येकास ते गृहस्थ आधी स्वयंपाकघराच्या मागची गळकी भिंत दाखवीत आणि मग बैठकीच्या खोलीत नेत. बैठकीची खोली त्यांनी चांगली रंगविली होती, खिडकीत तुळस आणि मोगरा होता. एजंट चिडून निघून गेला. चारपाच गिऱ्हाइके परत गेली. अखेर ज्येष्ठात व्यवहार झाला. किंमत मनात होती त्याहून कमी आली. किती कमी, ते त्यांनी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही. नव्या मालकाने भिंतीचे काम आधी करून घेऊन वास्तुशांती मार्गशीर्षात करावयाचे ठरविले, आणि ते मुहूर्त पाहावयास आमच्याकडे आले तेव्हा जुने मालकही त्यांच्यासमवेत होते.